बोलेल त्याची बोरं... पण बोलायचं कधी?

आपल्या मराठीतल्या दोन म्हणी एकमेकींशी सरळ भांडतात. एक म्हणते, बोलेल त्याची बोरं विकतील. दुसरी म्हणते, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. नवीन प्रॉडक्ट बनवणाऱ्याने यातली कुठली ऐकायची? माल हातात नसताना बोलत सुटलं तर त्या भटासारखं हसं होतं. माल अगदी तयार होईपर्यंत गप्प बसलं तर बोरं टोपलीतच सुकतात.

आपल्या कॉलेजात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. कुठल्याही प्रोजेक्ट ग्रुपला विचारा, "आधी प्रॉडक्ट तर पूर्ण होऊ दे, मार्केटिंगचं नंतर बघू!" हे वाक्य गेल्या चार वर्षांत मी कँटीनपासून लॅबपर्यंत सगळीकडे ऐकलंय. इंजिनिअरच्या तोंडी ते शोभतंही. आपल्याला सर्किट कळतं, कोड कळतो. गिऱ्हाईक कळत नाही, म्हणून त्याची भेट आपण होता होईल तो लांबवतो आणि त्या लांबवण्याला 'क्वालिटी' असं भारदस्त नाव देतो.

मला यंदा या विषयात जरा जास्तच रस आहे, कारण आम्ही तिघे फायनल इयरच्या प्रोजेक्टमधून निघालेलं एक उपकरण खरोखर विकायचं म्हणतोय. घरच्यांनी एक वर्षाची मुदत दिली आहे. एकाने कॅम्पसमध्ये मिळालेली नोकरी नाकारली आहे, दुसऱ्याच्या वडिलांनी पीएफमधून दीड लाख काढून दिलेत. तेव्हा 'मार्केटिंग कधी सुरू करायचं' हा प्रश्न आमच्यासाठी मॅनेजमेंटच्या पेपरातला पाच मार्कांचा राहिलेला नाही. त्या निमित्ताने जे वाचलं, जे पाहिलं, ते इथे मांडतोय.

सगळा घोटाळा मला त्या 'मार्केटिंग' शब्दातच दिसतो. या एका शब्दात दोन वेगळी कामं कोंबलेली आहेत. एक काम चौकशीचं : ही वस्तू कोणाला हवी, कशासाठी हवी, तो तिच्यासाठी किती पैसे मोजेल, आज ती नाही तर तो काय करून भागवतो. दुसरं काम दवंडीचं : जाहिरात, स्टॉल, उद्घाटन, वर्तमानपत्रात फोटो. आपण दोन्हींना मार्केटिंग म्हणतो आणि दवंडीची वेळ आली नाही म्हणून चौकशीही करत नाही. माझं म्हणणं असं की चौकशी पहिला सोल्डर लावण्याआधी सुरू व्हायला हवी, आणि दवंडी मात्र बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बरीच उशिरा.

यासाठी ड्रॉपबॉक्सची गोष्ट सगळ्यात चांगली आहे. तिचा पहिला भाग सगळे सांगतात, दुसरा कोणी सांगत नाही.

ड्रू ह्यूस्टन हा एमआयटीचा पोरगा बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला आणि पेन ड्राइव्ह घरी विसरला. त्या वैतागात त्याने फायली आपोआप सगळ्या कॉम्प्युटरवर पोचवणाऱ्या प्रोग्रामचा कोड लिहायला घेतला. आता हे काम वरून दिसतं तितकं सोपं नव्हे. विंडोज वेगळं, मॅक वेगळं, मधेच नेट गेलं तर काय, एकच फाईल दोघांनी बदलली तर काय. आणि यात एक जरी फाईल हरवली तरी गिऱ्हाईक कायमचं गेलं. म्हणजे अर्धवट माल बाजारात सोडायची सोय नाही! 'आधी प्रॉडक्ट पूर्ण होऊ दे' म्हणायचा हक्क कोणाला असेलच तर तो याला होता.

पण त्याने काय केलं? एप्रिल २००७ मध्ये, माल लोकांना देण्याजोगा झालेला नसतानाच, त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरच्या पडद्याचा छोटासा व्हिडिओ केला. फाईल इकडे टाकली, तिकडे उमटली, बस्स. तो त्याने जिथे प्रोग्रामर मंडळी जमतात तिथे ठेवला. लोकांनी भरपूर शंका काढल्या. हे आम्ही स्वतःच करू शकतो, असंही काही जण म्हणाले. मार्च २००८ मध्ये त्याने दुसरा व्हिडिओ केला. तो 'डिग' नावाच्या तेव्हाच्या लोकप्रिय साइटच्या वाचकांसाठी होता, आणि त्यात त्यांनाच कळतील असे विनोद पेरलेले होते. चाचणीसाठी नाव नोंदवणाऱ्यांची यादी एका रात्रीत ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. सर्वांसाठी ड्रॉपबॉक्स खुलं झालं ते सप्टेंबर २००८ मध्ये. म्हणजे पहिला व्हिडिओ आणि खरा माल यांच्यात जवळजवळ दीड वर्ष!

इथवर सगळे सांगतात, आणि तात्पर्य काढतात की बघा, आधीच जाहिरात करा. मला ते पटत नाही. तो व्हिडिओ जाहिरात कमी आणि चाचणी जास्त होता. लोकांना ही अडचण आहे का, आणि ती अशा तऱ्हेने सुटलेली त्यांना आवडेल का, एवढंच त्याला मोजायचं होतं. कोणाकडून पैसे घेतले नव्हते, तारखेचा शब्द दिला नव्हता. नावांची यादी आणि कशाकशाची भीती वाटते याचे प्रश्न, एवढं त्याच्या हाती आलं.

आता दुसरा भाग. माल खुला झाल्यावर त्यांनी रीतसर दवंडी पिटली. गूगलवर शब्द विकत घेऊन जाहिराती दिल्या, आणि हिशोब केला तर एक पैसे देणारं गिऱ्हाईक मिळवायला २३३ ते ३८८ डॉलर खर्च येत होता. त्या गिऱ्हाइकाने वर्षाला भरायचे किती? तर ९९ डॉलर! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माल चांगला, जाहिरात करणारे हुशार, तरी असं का? कारण मोठं साधं आहे. शोधावर दिसणारी जाहिरात तेव्हाच चालते जेव्हा माणूस ती वस्तू शोधत असतो. आणि आपोआप जुळणारं फोल्डर अशी काही गोष्ट असते हेच लोकांना माहीत नव्हतं. ते पेन ड्राइव्ह वापरून सुखी होते. शेवटी कामी आलं ते गिऱ्हाइकाकडून गिऱ्हाइकाकडे जाणं : तू मित्राला आण, दोघांनाही थोडी जास्त जागा फुकट. सप्टेंबर २००८ मध्ये १ लाख नोंदणीकृत वापरणारे होते, ते जानेवारी २०१० पर्यंत ४० लाख झाले. ही युक्तीही चालली ती वस्तू रोज वापरणारे लोक आधीच होते म्हणून. ज्याला स्वतःला आवडलेलं नाही तो मित्राला कशाला बोलावेल?

याच मुद्द्यावर एरिक रीस यांचा अनुभव उलट बाजूने बोलतो. त्यांनी २००४ साली आयएमव्हीयू नावाच्या कंपनीत भागीदारांबरोबर त्रिमितीय बाहुल्यांमधून गप्पा मारण्याचं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं. योजना अशी की लोक आधीच जे चॅटिंग वापरतात त्यालाच हे जोडायचं, म्हणजे मित्रमंडळी आपोआप येतील. सहा महिने रात्रीचा दिवस करून कोड लिहिला. बाजारात आणलं तर फुकटसुद्धा कोणी घेईना! मग त्यांनी लोकांना ऑफिसात बोलावून शेजारी बसवून वापरायला दिलं. बाहुली सजवायला मजा आली, पण 'आता मित्राला बोलाव' म्हटल्यावर पोरं नकार देऊ लागली. वस्तू धड आहे की नाही हे मलाच माहीत नाही, मित्राने हसं केलं तर? शिवाय चॅटिंगचा आणखी एक प्रोग्राम घ्यायला त्यांची काहीच हरकत नव्हती, तसे त्यांच्याकडे आधीच अनेक होते. त्यांना जुने मित्र इथे आणायचे नव्हते, नवे मित्र करायचे होते. ज्या जोडणीसाठी सहा महिने घालवले ती हजारो ओळींची सगळी जोडणीच टाकून द्यावी लागली. रीस यांनी पुढे २०११ च्या 'द लीन स्टार्टअप' या पुस्तकात हे सविस्तर लिहिलंय.

मला त्यातला एक छोटा तपशील फार आवडला. ही मंडळी जाहिरातीवर रोज ५ डॉलर खर्च करायची. तेव्हाच्या भावाने त्यात साधारण १०० माणसं साइटवर यायची. पाच डॉलरात कोणी धंदा वाढवत नाही, पण रोज शंभर ताजी माणसं आली की आज केलेल्या बदलाने काय फरक पडला ते उद्या दिसतं. आपण मल्टिमीटर लावून रीडिंग घेतो ना, अगदी तसंच! जाहिरात ही लाऊडस्पीकरसारखी वापरता येते तशी मीटरसारखीही वापरता येते. सुरुवातीला मीटर, नंतर लाऊडस्पीकर. आपल्याकडे स्टार्टअप स्पर्धांत नेमकं उलट चाललेलं दिसतं.

लाऊडस्पीकर आधी लावला की काय होतं त्याचा नमुना म्हणजे सेगवे. डीन केमेन हे मोठे संशोधक. जानेवारी २००१ मध्ये त्यांच्या एका गुप्त यंत्राची बातमी फुटली. नाव फक्त 'जिंजर'. ते काय आहे कोणालाच माहीत नाही, पण शहरं त्याच्याभोवती नव्याने बांधली जातील इथपर्यंत चर्चा! अकरा महिने हा गाजावाजा चालला आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सकाळच्या टीव्ही कार्यक्रमात पडदा उघडला. निघाली काय, तर उभं राहून चालवायची दोन चाकी गाडी, किंमत सुमारे ५ हजार डॉलर. इंजिनिअरिंग म्हणून आजही बघण्यासारखं काम आहे. जायरोस्कोपवर तोल सांभाळणारी अशी गाडी तेव्हा कोणी केली नव्हती. केमेन यांचा अंदाज आठवड्याला १० हजार गाड्यांचा होता. सप्टेंबर २००३ मध्ये बॅटरी उतरल्यावर स्वार पडतो म्हणून सगळ्या गाड्या दुरुस्तीला परत बोलवाव्या लागल्या, तेव्हा खरा आकडा बाहेर आला. तोपर्यंत विकल्या गेल्या होत्या एकूण ६ हजारांच्या आसपास. २०२० साली तिचं उत्पादन बंद झालं.

इथे चूक 'लवकर बोलले' एवढीच नव्हती. दवंडी अफाट आणि चौकशी नाही, ही खरी गोम. गुप्तता पाळायची म्हटल्यावर पोस्टमनला, गोदामवाल्याला, कॉलेजच्या पोरांना गाडी देऊन महिनाभर वापरायला कसं सांगणार? ही फुटपाथवर चालवायची की रस्त्यावर, हा पहिल्या दिवसाचा प्रश्न. सॅन फ्रान्सिस्कोने तर फुटपाथवर बंदीच घातली.

आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर सिम्प्युटर. बंगळूरच्या आयआयएससीतले प्राध्यापक आणि काही इंजिनिअर यांनी मिळून गरिबासाठी हातात मावणारा कॉम्प्युटर बनवला. लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषांत बोलणारा, आणि एकच यंत्र अख्ख्या गावाला स्मार्ट कार्ड घालून वापरता येईल असा. स्मार्टफोन घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी! २००१ साली जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं. प्रत्यक्ष विक्री सुरू व्हायला २००४ उजाडलं आणि आकडा काही हजारांच्या पुढे फारसा गेला नाही. मला वाटतं, वापरणारा ठरला होता पण पैसे देणारा ठरला नव्हता. गावकरी वापरणार हे खरं, पण विकत कोण घेणार? पंचायत, बँक, सरकार, की गावातला एखादा दुकानदार? या प्रत्येकाला विकायची तऱ्हा वेगळी. वर्तमानपत्रातल्या लेखांमुळे या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, उलट ते मिळाल्यासारखं वाटतं.

थोडं विषयांतर, पण कामाचं. "आधी बोललो तर आयडिया चोरतील" ही भीती आपल्याकडे फार. बहुतेक वेळा ती अनाठायी असते. ड्रॉपबॉक्सचा व्हिडिओ २००७ सालीच जगासमोर होता, गूगल ड्राइव्ह आलं एप्रिल २०१२ मध्ये. मात्र पेटंट घ्यायचं मनात असेल तर सावध राहा. आपल्या कायद्यात अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला तर त्याचं 'नवेपण' जातं. काही ठराविक सरकारमान्य प्रदर्शनांना सवलत आहे, पण आपलं टेक-फेस्ट त्यात बसेल या भरवशावर राहू नका. आधी प्रोव्हिजनल अर्ज टाकावा, मग बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा, आणि मधल्या काळात मोकळेपणाने दाखवावं. आमच्या वरच्या बॅचमधल्या एका ग्रुपला हे पोस्टर लावून झाल्यावर कळलं. असो.

आता आमचं सांगतो. आमचं उपकरण द्राक्षबागेत लावायचं आहे. पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं, यावर डाऊनीचा धोका ठरतो. तेवढं मोजून मोबाईलवर पाठवायचं. अशी उपकरणं विकणाऱ्या कंपन्या बाजारात आहेतच. आमचं स्वस्त असेल, एवढाच सुरुवातीचा विचार होता.

डिसेंबरात, सर्किट ब्रेडबोर्डवर असतानाच, आम्ही निफाड तालुक्यात चौदा बागायतदारांना भेटलो. एका काकांना मोठ्या उत्साहाने मोबाईलवरचा ग्राफ दाखवला. ते म्हणाले, "पोरांनो, ग्राफ बघायला मला टाइम कुठंय? आज रात्री फवारू का नको, एवढंच सांगा." आम्ही म्हटलं, काका, तेही सांगता येईल. तर म्हणाले, "मग नीट ऐका. फवारा म्हणून चुकलात तर माझी एक फवारणी वाया जाईल. नको म्हणून चुकलात तर बाग जाईल. दोन्ही चुका सारख्या धरू नका."

आम्ही तोपर्यंत एकूण अचूकता किती टक्के यावरच बोलत होतो. त्या दोन वाक्यांनी अलार्मची पातळीच बदलली. आता आम्ही शंकेला जागा असेल तर 'फवारा' म्हणतो, आणि 'नको' म्हणायला भक्कम पुरावा लागतो. ही चौकशी उपकरण डबीत बंद झाल्यावर केली असती तर फर्मवेअरपासून सगळं उकरावं लागलं असतं. आता सांगा, हे मार्केटिंग झालं की डिझाईन? मला तर दोन्हींमधली भिंत कुठे आहे तेच सापडत नाही.

आणखी एक गोष्ट केली. चौदाच्या चौदा जण "छान आहे" म्हणाले होते. आपल्याकडे दारात आलेल्या पोरांना कोणी वाईट बोलत नाही, चहा पाजतात, पाठीवर हात ठेवतात. म्हणून आम्ही विचारलं, यंदाच्या हंगामात बागेत लावायला ५०० रुपये अनामत द्याल का, नाही चाललं तर परत. तिघांनी दिले. बाकीच्यांपैकी दोघांनी कारण सांगितलं, आणि ते कारण अनामतीपेक्षा मोलाचं होतं : फवारणीचा सल्ला औषध दुकानदार देतो, उधारीही तोच देतो, त्याला डावलून यंत्राचं ऐकलं तर पुढच्या वेळी उधारी कोण देणार? ही अडचण कुठल्याही सेन्सरच्या डेटाशीटमध्ये नाही.

राहिला दवंडीचा मुहूर्त. तो आमच्या तयारीवर नाही, गिऱ्हाइकाच्या पंचांगावर ठरतो हेही तिथेच कळलं. द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलच्या सुमारास खरड आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी. गोडी छाटणीनंतरचे पहिले काही आठवडे डाऊनीची खरी धास्ती. उपकरण त्याआधी बागेत उभं हवं. नोव्हेंबरात कितीही उत्तम माल नेला तरी त्याचा उपयोग पुढच्या वर्षी, आणि आमची मुदत आहे एकच वर्ष. शाळेच्या वह्या जूनमध्ये खपतात, फटाके दिवाळीत. तसंच प्रत्येक धंद्याचं असतं, फक्त आपण आपलं सेमिस्टर सोडून दुसरं कॅलेंडर बघत नाही.

तेव्हा माझ्या मते आमचा क्रम असा हवा. परीक्षा संपल्यावर जुलै-ऑगस्टच्या पावसात, खरड छाटणीनंतर वाढलेल्या पानांत उपकरणं लावायची. डबीत पाणी शिरतं का, बॅटरी किती दिवस टिकते, रेंज कुठे जाते हे बघायचं. गोडी छाटणीला अनामत दिलेल्या तीन बागा, आणि आणखी फार तर तीन. रोज फोन करायचा, 'नको' म्हटलेल्या प्रत्येक रात्रीची नोंद ठेवायची. किती फवारण्या वाचल्या हे त्या सहा जणांच्याच वहीतून दाखवता आलं, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, माल निघून हिशोब मांडायची वेळ येते तेव्हा, दवंडी. तीसुद्धा पेपरात नाही, त्याच सहा जणांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे. बांधाला बांध लागून असलेल्या माणसाने सांगितलेलं जितकं ऐकलं जातं तितकं आमच्या पीपीटीचं कोण ऐकणार?

आमच्यातल्या एकाला हे मान्य नाही. त्याचं म्हणणं, वर्षअखेरच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल घेऊ, एकाच ठिकाणी हजारो शेतकरी भेटतील, एवढ्या भेटी आपण मोटारसायकलवरून कधी करणार? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण तोपर्यंत आमच्या डबीने एकही पूर्ण हंगाम पाहिलेला नसेल, आणि स्टॉलवर येणारा पहिला प्रश्न असणार, "कोणाच्या बागेत चाललंय?" त्याला तीन नावं सांगता आली तर स्टॉल सार्थकी, नाहीतर त्याच हजार जणांना आपण कच्चे आहोत हे एकगठ्ठा कळेल. स्टॉलचं भाडं ऑगस्टअखेर भरायचं आहे. मी नको म्हणतोय, तो हो म्हणतोय, आणि ज्याच्या मतावर निर्णय अडलाय तो तिसरा गेले आठ दिवस डबीच्या झाकणाला सिलिकॉन लावून ती बादलीत बुडवून बघतोय.